कचेरीबाहेरचं टेबल

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, टेबलाचा मागचा डावा पाय तोकडा होता. त्याखाली कौलाचा तुकडा सरकवल्याशिवाय दादा लिहायला बसायचे नाहीत. टेबल हललं की अक्षर हलतं, आणि अक्षर हललं की साहेबाला वाटतं लिहिणारा घाबरलाय, असं ते म्हणायचे. शहापूरच्या मामलेदार कचेरीबाहेर, चिंचेच्या सावलीत ते टेबल एकतीस वर्षं होतं. सावली सरकेल तसं टेबलही सरकायचं. किती तहसीलदार आले, बढती घेऊन ठाण्याला गेले. पाटीवर 'तहसील कार्यालय' असं नाव लागूनही जमाना झाला, पण आमच्याकडची म्हातारी माणसं अजून मामलेदार कचेरीच म्हणतात.

सकाळी साडेनऊला दादा शबनम खुर्चीच्या पाठीला अडकवायचे. तिच्यातून कागदांची चवड, कार्बन, टाचण्यांची डबी, डिंकाची बाटली आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड निघायचं आणि ज्याच्या त्याच्या जागी बसायचं. तोवर पहिला माणूस समोर मातीत उकिडवा बसलेला असायचा. दादा त्याला उठवून स्टुलावर बसवायचे. "खाली बसून सांगितलेला अर्ज मी लिहीत नाही," एवढंच बोलायचे.

मी तीस वर्षं मुंबईत राजकारणाच्या बातम्या लिहिल्या. मनोहर जोशींपासून एकनाथ शिंद्यांपर्यंत नऊ मुख्यमंत्री जवळून पाहिले. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत मला ज्यांनी पोचवलं, त्यांच्यातलं कुणीही कधी तो जिना चढलं नाही. त्यांचं देणं माझ्याच्यानं फिटायचं नाही. निदान ते कुणाचं आणि कशापायी आहे याची नोंद राहावी, म्हणून हे लिहितोय.

दादांची एक रीत होती. माणूस बोलत असताना ते पेनाला हात लावायचे नाहीत. वारस नोंदीचा अर्ज करायला आलेला माणूस आज्याच्या लग्नापासून सुरुवात करायचा. मध्येच चुलत्याची बैलजोडी यायची, बांधावरचा आंबा यायचा, कोण कुणाच्या मयताला आलं नाही ते यायचं. शेजारच्या टेबलावर तेवढ्या वेळात तीन अर्ज लिहून व्हायचे. दादा मान हलवत ऐकत राहायचे. सगळं सांगून झालं की तीनच गोष्टी विचारायचे: कधी, किती, कुणासमोर. मग पेन उघडायचे. लिहून झालेला अर्ज त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचे आणि त्यानं "आसाच हाय" म्हटल्यावरच अंगठा घ्यायचे.

दर शनिवारी शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि दुसऱ्या प्रती काढायला बसायचो. सातवीत असेन तेव्हाची गोष्ट. एका कातकरी बाईच्या रेशनकार्डाचा अर्ज होता. मला तिची कणव आली, आणि उतरवताना मी माझ्या मनानं "अत्यंत गरीब व निराधार" असं घातलं. दादांनी ती प्रत बाजूला ठेवली, नवा कागद दिला. म्हणाले, "ती गरीब आहे हे तुला कशावरून कळलं?" मी म्हटलं, दिसतंय. "मग जे दिसलं ते लिही. जमीन नाही. नवरा वीटभट्टीवर वारला, सन अमुक. तीन मुलं, वयं अमुक. विशेषण घातलं की साहेब ते वाचतो आणि बाकीचं सोडून देतो."

पुढं मुंबईत एका वृत्तसंपादकांनी माझ्या पहिल्या मोठ्या बातमीतली सगळी विशेषणं लाल पेनानं काढली आणि मला ते काहीच नवीन वाटलं नाही, त्याचं कारण ही दुपार.

त्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ घेणारे अर्ज जमिनीचे असत. आदिवासींच्या हातून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवून द्यायचा कायदा १९७४ चा. व्यवहार १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातला हवा, अशी त्यात अट होती. शहापूर हा ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली यांचा तालुका. विधानसभेची जागाही अनुसूचित जमातीसाठी राखीव. जमीन गेल्याचं दुःख प्रत्येक घरात होतं, तारीख मात्र कुणाकडे नव्हती. "थोरली पोर रांगत व्हती तवा", "सासरा मेला त्याच्या दुसऱ्या होळीला", असं लोक सांगायचे. दादा बोटांवर होळ्या मोजायचे. थोरली पोर आता केवढी, तिचं लग्न कोणत्या साली, तेव्हा ती किती वर्षांची, असं करत करत ते एका सालाशी येऊन थांबायचे आणि मग तलाठ्याकडचा जुना फेरफार काढायला लावायचे. बऱ्याचदा साल बरोबर निघायचं. दोन-दोन तास चालणाऱ्या या कामाचे ते काही घेत नसत. आई त्यावरून बोलायची, आणि तिचं बोलणंही खोटं नव्हतं, कारण महिनाअखेर वाण्याची वही तिला सांभाळावी लागायची.

आई मुरबाडची. मुरबाडची म्हणजे सरळगावच्या पुढे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत दीड कोस चालल्यावर लागणाऱ्या गावची. शहापूर आणि मुरबाड शेजारचे तालुके, पण आमच्या लहानपणी आजोळी जायचं म्हणजे आख्खा दिवस मोडायचा. शहापूरहून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव, अशी एसटी. पावसाळ्यात काळू नदी फुगली की तीही बंद. आमच्या शहापूरला आसनगाव स्टेशन तरी होतं, कसारा लोकलनं मुंबई गाठता यायची. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेचं आश्वासन मी शाळेत असताना ऐकलं, बातमीदार झाल्यावर दर निवडणुकीत लिहिलं, आणि मामा ती बातमी वाचून पेपर घडी करून ठेवायचा, काही बोलायचा नाही.

मामाची दोन एकर भातशेती. फाल्गुनात राब भाजायला मी हटकून जायचो. शेणी, पाला, वाळकी कवळं, वर गवत आणि त्यावर माती असे थर लावून वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं. धूर डोळ्यांत जायचा आणि संध्याकाळी अंगाला येणारा तो वास दोन दिवस जायचा नाही. आजही मार्चमध्ये लोकल टिटवाळ्याच्या पुढे गेली आणि खिडकीतून राबाचा वास आला की मी हातातलं वाचन बंद करतो.

दर २ जानेवारीला मामा मला सिद्धगडला न्यायचा. भाई कोटवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली त्याच दिवशी तिथं पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोटवाल हा माथेरानच्या नाभिक घरातला वकील. गरिबांना सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून त्यानं धान्यकोठ्या काढल्या, गावोगाव शाळा काढल्या आणि बेचाळीसच्या आंदोलनात आझाद दस्ता उभा करून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. पहाटेच्या थंडीत, मशालींच्या उजेडात मामा मला ते मनोरे कुठून कुठून जायचे ते हातानं दाखवायचा. "मुंबईचा दिवा आपल्या डोंगरावरून जातो, हे त्याला पहिलं कळलं," असं म्हणायचा. राजकीय अर्थशास्त्रावर पुढं मी बरंच वाचलं. पण राजधानी आणि तिच्या आसपासचा मुलूख यांच्यातलं नातं मला इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

म्हशाच्या यात्रेचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझी सगळी नोकरी त्या यात्रेतल्या एका व्यवहारावर उभी आहे.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा बाजार मोठा, आणि घोंगड्यांचाही. १९८९ ची यात्रा. मी कल्याणला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि पुढं मुंबईत पत्रकारितेचा अभ्यासक्रम करायचं मनात होतं. फी, खोलीचं डिपॉझिट, पास, असा खर्च मी घरी मांडला, तेव्हा दादा गप्प झाले. त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि कर्ज काढणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं. इतरांच्या कर्जाचे कागद त्यांनी इतके वाचले होते की त्या वाटेला ते गेले नाहीत. हे आईनं मामाला कधी सांगितलं, मला माहीत नाही. यात्रेच्या दिवशी मामानं मला बरोबर घेतलं. दाव्याला त्याचा तांबडा खोंड होता, अडीच वर्षांचा, घरचा, अजून नांगराला न लावलेला.

व्यापारी आला. त्यानं खोंडाचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, शेपूट ओढलं. मग खांद्यावरचा रुमाल काढून मामाच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत होते. भाव रुमालाखाली चालला होता. बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. मामाच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी खाली पाहिलं. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा माती उकरत होता. रुमालाखालचा हात तीनदा सुटला, तीनदा पुन्हा धरला गेला. अखेर अंगठा थांबला, आणि मला कळलं की सौदा झाला. त्यानंतर क्षणभरानं व्यापाऱ्यानं रुमाल उचलला.

साडेतीन हजार रुपये मामानं तिथंच माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावली. खोंडाकडे त्यानं परत पाहिलं नाही. मी पाहिलं. तो दावं ताणून आमच्याकडेच तोंड करून उभा होता.

मुंबईत मी 'सह्याद्री' अतिथिगृहाबाहेर, 'वर्षा'बाहेर आणि पक्षांच्या कचेऱ्यांबाहेर किती रात्री उभा राहिलो त्याची गणती नाही. आत जागावाटप चाललेलं असायचं, नाहीतर मंत्रिमंडळाचा विस्तार. बाहेर येणारा प्रत्येक जण सगळं सुरळीत असल्याचं हसतमुखानं सांगायचा. माझे सहकारी चेहरे टिपायचे. मी पाय पाहायचो: कोण संथ चालतोय, कोण गाडीचं दार उघडायच्या आधीच झपझप निघालाय, मागचा पुढच्याला गाठतोय की मुद्दाम अंतर राखतोय. त्यावरून मी बातमी कधी केली नाही; तेवढ्यावर करू नये. पण रात्री कुणाला फोन करायचा आणि काय विचारायचं, ते मला त्या पायांनी सांगितलं. हे मामाचं देणं.

आधी मात्र माझी शहापुरातली चार वर्षं झाली. अभ्यासक्रम संपला तरी मुंबईत लगेच नोकरी मिळाली नाही. ठाण्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचा मी तालुका बातमीदार झालो, ओळीवर पैसे. ठाणे जिल्ह्यात वृत्तपत्रं जुनी. 'अरुणोदय' ठाण्यात १८६६ साली निघालं. पण ठाण्याच्या छापखान्यापर्यंत आमच्या तालुक्याची बातमी पोचवणं हे माझ्या वेळीही सोपं नव्हतं. मी रात्री लिहायचो आणि पहाटे आसनगाव स्टेशनवर एका दूधवाल्या काकांच्या हाती पाकीट द्यायचो. ते लोकलच्या सामानाच्या डब्यातून दुधाच्या कॅन घेऊन जायचे आणि ठाण्याला उतरून माझं पाकीट फलाटावरच्या पेपर स्टॉलवर ठेवायचे. अडीच वर्षं, एक दिवस न चुकता. पावसात ते पाकीट कॅनच्या झाकणाखालच्या फडक्यात गुंडाळायचे, त्यामुळे माझ्या कितीतरी बातम्या उपसंपादकाच्या टेबलावर दुधाच्या वासासकट पोचल्या. त्यांनी त्याचे कधी काही घेतले नाहीत. पाकिटात काय आहे हेही कधी विचारलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी फार थोड्या लोकांना सांगितलंय.

१९९२ चा एप्रिल. तालुक्यातल्या एका कार्यकर्त्यानं माझ्या हातात कागद दिला. एका ठाकूरवाडीत नळपाणी योजना पूर्ण होऊन पाणी सुरू झालं, उद्घाटन अमुक यांच्या हस्ते, वगैरे. वाडी हमरस्त्यापासून दीड तासाच्या चालीवर. ऊन मरणाचं. मी गेलो नाही. कागदावरून बातमी केली, दोन परिच्छेदांची, आणि ती छापून आली.

तीन आठवड्यांनी शनिवारी दुपारी मी दादांच्या टेबलाशी गेलो, तर समोर त्या वाडीच्या पाच बाया बसल्या होत्या. त्यांना टँकरचा अर्ज करायचा होता. तोंडी मागणी त्यांनी आधी केलीच होती. त्या टेबलावरून या टेबलावर फिरवून झाल्यावर कुणीतरी त्यांना माझ्या बातमीचं कात्रण दाखवलं होतं. पाणी आल्याचं पेपरात छापून आलंय, मग टँकर कसला?

दादांनी कात्रण दोनदा वाचलं. मला वाटलं आता ते बोलतील. ते खुर्चीवरून उठले, म्हणाले, "बस. आज अर्ज तू लिही," आणि चिंचेला टेकून उभे राहिले.

मी पेन हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला: कधीपासून पाणी नाही? त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, "पोरा, तू लिवू नको आदी. चल." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तोच मला सोसवेना.

मी गेलो. तिच्या मागं चालत, त्याच दीड तासाच्या वाटेनं. वाडीच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा होता, त्यावर लोखंडी नळ, उद्घाटनाच्या हाराचा दोरा अजून त्याला लोंबत होता. तिनं माझं बोट धरून नळाच्या तोंडाला लावलं. आत माती लागली. वाकून पाहिलं. कुंभारमाशीनं तिथं घर बांधलं होतं, शिंप्याच्या अंगुस्तानाएवढं, गुळगुळीत, पक्कं. म्हातारी म्हणाली, "पानी येत आसता तं तिनं घर केला आसता का?"

तिथून ती मला खाली ओढ्यात घेऊन गेली. ओढा कोरडा. पात्रात हातभर खोल डवरा उकरलेला, त्याच्या तळाशी पाणी झिरपत होतं. एक पोरगी करवंटीनं ते उचलून हंड्यात ओतत होती; दोन-चार करवंट्या झाल्या की पाणी पुन्हा जमेपर्यंत थांबायचं. म्हातारीनं तिच्या हातातली करवंटी घेतली, भरली आणि पहिली मला दिली. उन्हातून आलायस, म्हणाली.

ज्याच्या दोन परिच्छेदांनी तिचा टँकर अडला, त्याला. मी ते पाणी प्यायलो. त्याला ओल्या वाळूची चव होती.

मग मी तिथं बसलो आणि मोजलं. एक हंडा भरायला एकशे चाळीस करवंट्या लागल्या आणि पाऊण तास गेला. वाडीत घरं एकतीस. मी तेवढंच लिहिलं: नळ कधी बसला, त्याच्या तोंडात काय आहे, डवरा किती खोल, करवंट्या किती, वेळ किती. आधीची बातमी मी न जाता लिहिली होती, हेही लिहिलं. अर्जही तोच, बातमीही तीच. आठ दिवसांनी टँकर गेला. उशीरच होता तो.

त्या वाडीच्या खालच्या अंगानं मुंबईच्या जलवाहिन्या जातात. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे शंभर वर्षं आमच्या तालुक्याचं पाणी त्या मार्गानं मुंबईला जात होतं. नंतर वैतरणेवरची धरणं झाली, भातसा झालं. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. आणि दर उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो. शहरात राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी खोलीतला नळ सोडला आणि मी तसाच उभा राहिलो. खोलीचा जोडीदार म्हणाला, बंद कर, वाया जातंय. हे पाणी कुठलं ते त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगता आलं नाही.

मुंबईची वर्षं भराभर गेली. १४ मार्च १९९५ ला शिवाजी पार्कवर युतीच्या सरकारचा शपथविधी झाला, तेव्हा मी नवखा म्हणून गर्दीत उभं राहून लोक काय बोलतात ते टिपायच्या कामावर होतो. व्यासपीठाजवळची जागा मिळायला आणखी काही वर्षं गेली. नागपूरची अधिवेशनं झाली, आघाडीची सरकारं आली-गेली. १ ऑगस्ट २०१४ ला आमचा जिल्हा मोडून पालघर वेगळा झाला, त्या दिवशी बातमी लिहिताना 'ठाणे जिल्हा' या शब्दांपाशी हात अडखळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये भल्या सकाळी राजभवनावर शपथविधी झाला आणि त्याच दिवशी शहापूरचे आमदार बेपत्ता असल्याची तक्रार शहापूर पोलीस ठाण्यात दाखल झाली. मुंबईतले सगळे सहकारी माझ्याकडे वळले, कारण ते ठाणं मला माहीत होतं. दादांच्या टेबलापासून ते फार लांब नव्हतं. मी दिवसभरात अकरा फोन केले. अफवा चाळीस ऐकल्या, छापायला दिली ती फक्त तक्रारीची नोंद आणि त्यांनी स्वतः दिलेला खुलासा. कधी, किती, कुणासमोर.

पण कारकिर्दीतलं एकच काम दादांना दाखवायला मिळालं असतं तर मी मोर्च्याचं दाखवलं असतं.

६ मार्च २०१८ ला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा पायी निघाला. मुंबईत बसून वाट पाहण्याऐवजी मी कसारा घाटात जाऊन त्यांना गाठलं आणि आमच्या तालुक्यातून त्यांच्याबरोबर चाललो. लाल टोप्यांची रांग माहुलीच्या डोंगराला समांतर सरकत होती. खर्डीच्या आसपास सुरगाण्याकडची एक आजी विसाव्याला बसली होती. कमरेच्या पिशवीतून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. वनहक्काचा दावा, अर्जाची प्रत. २००६ च्या कायद्याखाली केलेला, पोच मिळालेली, उत्तर नाही. मी रस्त्याच्या कडेला बसून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कुणीतरी गावातल्या लिहित्या हातानं लिहिलेला अर्ज होता, आणि त्यात एकही विशेषण नव्हतं. तिला मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. ते लोक पुढं परीक्षेला जाणाऱ्या मुलांना अडचण नको म्हणून रात्रीतून चालत आझाद मैदानात पोचले, हे सगळ्यांनी लिहिलं. मी त्या एका कागदावर लिहिलं.

पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, मोर्चा पुन्हा निघाला. या वेळी तो आमच्या वाशिंदला थांबला. वाटाघाटी विधानभवनात चालल्या होत्या आणि माणसं वाशिंदच्या मैदानात बसून होती. मागण्या मान्य झाल्याची बातमी आली तरी ती उठली नाहीत. अंमलबजावणीचे आदेश दिसल्याशिवाय हलायचं नाही असं ठरलेलं. त्यातल्या एका शेतकऱ्याचा त्या मुक्कामात मृत्यू झाला. विधानभवनातून मी सरळ कसारा लोकल पकडून वाशिंदला गेलो. मैदानात चुली पेटल्या होत्या. मी एकाला विचारलं, सरकारनं शब्द दिलाय, आता का बसलात? तो म्हणाला, शब्द कुठं जमा करायचा? १८ मार्चला ते उठले.

दादा हे बघायला नव्हते. ते २०११ साली गेले. त्यांच्या मागं लोखंडी पेटीत कार्बनच्या प्रती सापडल्या, सालवार बांधलेल्या. १९९२ च्या गठ्ठ्यात माझ्या अक्षरातला त्या वाडीचा अर्ज होता. त्यात "तीव्र पाणीटंचाई" असं मी लिहून गेलो होतो. "तीव्र"वर दादांनी पेन्सिलीची बारीक रेघ मारली होती. मला त्या दिवशी काही बोलले नव्हते.

मामाला मी बऱ्याच उशिरा, हातात बरे पैसे आल्यावर, ते साडेतीन हजार परत द्यायला गेलो. आजच्या भावानं जोडी येईल एवढे घेऊन. तो ओटीवर भाताच्या पेंढ्याचा दोर वळत बसला होता. पाकिटाकडे त्यानं बघितलं आणि दोर वळत राहिला. "त्याचा कागद झाला नव्हता," म्हणाला. "कागदच नाही तर फेड कशाची करतोस?" आईनं नंतर सांगितलं, त्या वर्षी त्यानं लावणीला दुसऱ्याची जोडी मागून आणली होती, आणि बदल्यात त्याच्या शेतात आठ दिवस राबला होता.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये मी त्या ठाकूरवाडीत पुन्हा गेलो. अर्धी वाट आता डांबरी आहे. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली. शहापूरसाठी इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना मंजूर झाल्याचं मी मंत्रालयातून लिहिलं होतं. वाडीत जलजीवनचे नवे नळ घरोघर बसलेले दिसले, निळ्या पाइपांचे. म्हातारीच्या नातसुनेनं ओळख ऐकली आणि मला ओट्यावर घोंगडी टाकून दिली. मी दारातल्या नळापाशी गेलो आणि त्याच्या तोंडात बोट घातलं. आत काही नव्हतं. कोरडं होतं.

"आज नाय यायचा," ती म्हणाली. "उद्याचा वार हाय. सकालीच येतो कवा कवा."

मी बायकोला फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं आणि ओट्यावर बसलो.